ताटात काय उरलं?

गॅरी बेकर हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ एकदा कोलंबिया विद्यापीठात एका विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यायला निघाले होते आणि त्यांना उशीर झाला होता. गाडी पैसे भरून वाहनतळात लावावी, की रस्त्यावर बेकायदा लावून दंडाचा धोका पत्करावा? वाहनतळाचं भाडं किती, दंड किती, आणि दंड होण्याची शक्यता किती, असा हिशेब त्यांनी मनातल्या मनात केला आणि गाडी रस्त्यावर लावली. तिथून परीक्षेच्या खोलीकडे चालत जाताना त्यांच्या डोक्यात आलं, की आपण जसा हिशेब केला तसाच पलीकडून नगरपालिकाही करत असणार. किती गस्त ठेवायची, दंड किती लावायचा. खोलीत पोचल्यावर त्यांनी समोरच्या विद्यार्थ्याला याचाच सिद्धान्त मांडून दाखवायला सांगितलं. दंड काही झाला नाही. उलट १९९२ साली नोबेल मिळालं आणि त्या वेळच्या भाषणात बेकर यांनी स्वतःच ही हकीकत सांगितली. मला त्या विद्यार्थ्याचं वाईट वाटतं. रात्रभर जागून केलेला अभ्यास बाजूला राहिला आणि मास्तरांच्या गाडीवर प्रश्न आला.

लक्ष्मी रस्त्यावर सम-विषम तारखांच्या पाटीखाली स्कूटर लावणारा प्रत्येक माणूस हा हिशेब करतो. फक्त तो त्यावर निबंध लिहीत नाही. तो समोरच्या दुकानदाराला विचारतो, "इथे उचलतात का हो?" दुकानदार मान वर न करता म्हणतो, "तुमच्या जबाबदारीवर लावा." या उत्तरातून दंडाची शक्यता किती टक्के हे अचूक ओळखता येणं म्हणजे पुण्यात वाढलेलं असणं.

बेकर यांनी गुन्हा, शिक्षा, लग्न, घटस्फोट यांपैकी कशालाच सोडलं नाही. १९६० सालच्या एका निबंधात तर त्यांनी मुलांना 'टिकाऊ वस्तू' या सदरात बसवलं; म्हणजे फ्रिज आणि मोटारीच्या शेजारी. त्यावर तेव्हा बरीच माणसं रागावली होती. मला त्यात रागावण्यासारखं काही दिसत नाही. ज्यांच्या घरी दोन वर्षांचं मूल आहे त्यांना मुलाच्या टिकाऊपणाबद्दल शंका नसतेच. शंका असते ती फ्रिजबद्दल.

हे शास्त्र ज्या युक्तीवर उभं आहे ती पॉल सॅम्युएलसन यांनी १९३८ साली मांडली. माणसाला काय आवडतं हे त्याला विचारू नका, तो काय निवडतो ते बघा. माझ्या आत्याने सॅम्युएलसन वाचलेला नाही. पण घरी पंगत उठली की ती खरकटी ताटं धुवायला लगेच जाऊ देत नाही. आधी एकेका ताटावरून नजर फिरवते. "'भाजी फक्कड झालीय' हे तोंड म्हणतं," ती सांगते. "ताटात काय उरलं ते बघ." सोळा जणांनी तोंडभरून वाखाणलेली तिची एक भाजी या तपासणीनंतर आमच्या घराण्यातून कायमची गेली. कुणाला कारण कळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही, हा तिच्या मते आणखी एक पुरावा.

माझा भाचा पुण्यात अर्थशास्त्रात एम. ए. करतो आणि त्याला प्रकल्पासाठी माणसं हवी होती. बाहेरची माणसं मिळेनात. धनंजयराव गाडगीळांच्या देखरेखीखाली गोखले संस्थेने पुण्यातल्या घरांचं सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण केलं, त्याचा पहिला भाग १९४५ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा पुणेकरांच्या दारात वही घेऊन उभं राहण्याची परंपरा जुनी आहे. दार उघडण्याची परंपरा तितकी जुनी नसावी. भाचा दोन सोसायट्यांतून "आम्हाला काही घ्यायचं नाही" हे ऐकून परतला आणि घरच्याच माणसांवर आला.

त्याने आधी वेळेचा हिशेब घ्यायचं ठरवलं. सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर असा हिशेब घेतला होता. पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चार, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने, आणि प्रत्येक रकान्यात तुम्ही काय करत होता ते लिहायचं. त्यातून निघालं ते असं. घरातलं बिनपगारी काम दिवसभरात थोडं तरी करणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के, पुरुष २६.१ टक्के. जे करतात त्यांच्यात स्त्रियांचा सरासरी वेळ २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. म्हणजे चारातले तीन पुरुष दिवसभरात पाण्याचा ग्लाससुद्धा विसळत नाहीत, आणि "मी घरात मदत करतो" असं न म्हणणारा पुरुष मला अजून भेटलेला नाही. सॅम्युएलसनचं म्हणणं इथे ताटाशिवायही पटतं.

भाच्याने आत्याला आणि आतोबांना एकेक वही दिली. आतोबांची वही नीटनेटकी. साडेसहा ते सात या रकान्यात एकच शब्द: 'चहा'.

"केला की प्यायलात?" भाच्याने विचारलं.

"झाला," आतोबा म्हणाले.

साडेनऊच्या रकान्यात त्यांनी 'स्वयंपाकघरातील काम' असं लिहिलं होतं. चौकशीअंती कळलं की बाहेरच्या खोलीतून त्यांनी "कुकरच्या शिट्ट्या झाल्या बरं का" असं ओरडून सांगितलं होतं.

आत्याच्या वहीची गोष्ट वेगळी. तिचा साडेपाच ते सहाचा रकाना समासात घुसला होता आणि समासातून पाठीमागच्या पानावर गेला होता. दूध, कणीक, यांच्या गोळ्या, पाण्याची मोटर, कचरा, तुळशीला पाणी, वन्संना फोन.

"आत्याआजी, यातलं मुख्य काम कोणतं?"

"दूध. बाकीचं सगळं दूध वर येईपर्यंत."

भाच्याच्या लॅपटॉपमधल्या तक्त्यात याला जागा नव्हती. त्याने तो रकाना रिकामा ठेवला आणि नंतर पुढच्या विषयाकडे वळला. पुढचा विषय आहेर.

या विषयावर जोएल वाल्डफोगेल यांचा १९९३ सालचा एक निबंध प्रसिद्ध आहे. ते तेव्हा येल विद्यापीठात शिकवत. त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, की नाताळात तुम्हाला ज्या भेटवस्तू मिळाल्या त्या तुम्ही स्वतः घेतल्या असत्या तर किती पैसे मोजले असते? उत्तरं बेरजेला घेतल्यावर दिसलं की देणाऱ्याने जेवढे खर्च केले त्यातला दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग हवेत जातो. मित्रांच्या भेटी बऱ्यापैकी नेमक्या लागतात. सगळ्यात मोठं नुकसान दूरच्या आणि वडीलधाऱ्या नातलगांच्या भेटींत. अमेरिकन काकाही पुतण्याला नको तो स्वेटर देतो हे वाचून मला त्या देशाबद्दल पहिल्यांदा जिव्हाळा वाटला.

आपल्याकडे या प्रश्नावर पाकीट हे उत्तर फार पूर्वी निघालं. एकशे एक, पाचशे एक, आणि वरचा रुपया हल्ली पाकिटालाच चिकटवून मिळतो. पण पाकिटावर सगळं भागत नाही, कारण ओटी भरायची असते, आणि ओटी म्हटली की ब्लाउजपीस आला.

ब्लाउजपीस या वस्तूकडे आपल्या अर्थशास्त्रज्ञांनी द्यावं तितकं लक्ष दिलेलं नाही. पैसा म्हणजे काय, तर जो सगळ्यांनी स्वीकारावा, जो साठवून ठेवता यावा आणि ज्याचा स्वतःला काही उपयोग नसला तरी चालावं. ब्लाउजपीस यात तंतोतंत बसतो. ऐंशी सेंटिमीटरचा तो तुकडा कुणाच्या मापाचा नसतो, कुणाच्या साडीला जुळत नाही, आणि तो शिवायचा विचार तर कुणाच्याच मनात येत नाही. तो फक्त फिरतो. मुंजीतून बारशाला, बारशातून डोहाळजेवणाला, तिथून वास्तुशांतीला. आत्याच्या कपाटातला खालचा खण ही त्याची तिजोरी. तिथे नेहमी पंचवीस-तीस नग शिलकीत असतात. साठा कमी झाला की ती अस्वस्थ होते आणि कुणाच्या तरी मंगळागौरीला जाते. आपण दिलेला आपल्याच माणसाला परत जाऊ नये म्हणून ती कोपऱ्यात पेन्सिलने बारीक ठिपका करते. एकदा ठाण्याहून आलेल्या एका जांभळ्या तुकड्यावर तिला स्वतःचा ठिपका सापडला. त्या शेजारी आणखी दोन अनोळखी खुणा होत्या. म्हणजे मधल्या बायकाही आपापली नोंदवही ठेवत होत्या.

भाचा हे ऐकून इतका हरखला की त्याने ग्रेशमचा नियम काढला. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राणीला सल्ला देणाऱ्या टॉमस ग्रेशमच्या नावाने हा नियम ओळखतात. खोटं नाणं चांगल्या नाण्याला बाजारातून हाकलतं, कारण चांगलं जो तो घरात ठेवून देतो आणि खोटं पुढे सरकवतो. आत्याने शांतपणे वरचा खण उघडून दाखवला. त्यात इरकली खण होते, जरीकाठाचे, एक पैठणीचा तुकडा. हे कधी कुणाच्या ओटीत जात नाहीत. फिरतं ते पॉलिएस्टर. इंग्लंडच्या टांकसाळीचं दुखणं आणि आमच्या कपाटाचं दुखणं एकच निघालं.

"पण आत्याआजी," भाचा म्हणाला, "सगळ्यांनाच ठाऊक आहे की तो कुणी शिवत नाही. मग त्याच्याऐवजी सरळ पन्नास रुपयेच द्या ना!"

"पन्नास दिले तर तिला वाटेल मी तिचं येणं मोजलं."

भाच्याने हे वाक्य लिहून घेतलं नाही. घ्यायला हवं होतं, कारण या शास्त्राचं घोडं नेमकं इथेच अडतं, आणि ते अडलं हे त्यांच्यातल्याच दोघांनी दाखवून दिलं. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांचा हा २००० सालचा निबंध. इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांतून मुलांना न्यायला आईबाप उशिरा येत. या दोघांनी दहा पाळणाघरं निवडली आणि त्यातल्या सहांत दंड लावला: दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला तर मुलामागे दहा शेकेल. उशीर कमी व्हायला हवा होता. तो वाढत गेला आणि जवळपास दुप्पट झाला. आधी उशीर झाला की बाईंसमोर ओशाळं होऊन उभं राहावं लागे. आता दहा शेकेल टाकले की काम झालं. ती जास्तीच्या वेळेची फी. याहून गंमत पुढे आहे. दंड काढून टाकला तरी उशीर होता तिथेच राहिला. एकदा गेलेलं ओशाळलेपण परत आलं नाही.

आमच्या सोसायटीला हे माहीत असतं तर वार्षिक सर्वसाधारण सभेचं भलं झालं असतं. पूर्वी सभेला न गेलेल्या माणसाला आठवडाभर जिना जपून उतरावा लागे. सेक्रेटरी भेटत आणि "काल दिसला नाहीत?" एवढंच विचारत. त्या प्रश्नाला तोंड देण्यासाठी लोक सासूबाईंना आजारी पाडत, साहेबांना दौऱ्यावरून बोलावत, आणि हे सगळं जमवण्यापेक्षा सभेला गेलेलं बरं म्हणून जात. तरीही गणसंख्या अपुरी पडे. सभा अर्धा तास तहकूब होई आणि मग त्याच खुर्च्यांवर, त्याच माणसांत, तिसऱ्या मजल्यावरच्या गळतीपासून सुरू होई. कुणीतरी सुचवलं, गैरहजरांना शंभर रुपये दंड लावा. ठराव एकमताने मंजूर झाला. अवघ्या शंभर रुपयांत सोसायटीची सभा चुकवता येते ही बातमी संध्याकाळपर्यंत चारही इमारतींत पोचली. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी पुढच्या दोन वर्षांचे पैसे आगाऊ भरले आणि रीतसर पावती मागितली. मग कमिटीने दंड रद्द केला, तर लोकांना वाटलं, आता हे फुकटच झालं. सेक्रेटरी अजूनही जिन्यात विचारतात, "काल दिसला नाहीत?" लोक म्हणतात, "नाही आलो," आणि भाजी घेऊन वर जातात.

दंडाचं हे असं, तर बक्षिसाचं काय? त्यासाठी उदयपूरला जावं लागतं. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर तिथल्या खेड्यांत एक प्रयोग केला. निष्कर्ष २०१० साली छापून आले. अभिजित हे मुंबईत जन्मलेले, त्यांच्या आई निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर, त्यामुळे त्यांच्या २०१९ सालच्या नोबेलमधला काही वाटा आपण आधीच आपल्याकडे वळता करून घेतलेला आहे. प्रयोग असा होता. काही गावांत काहीच केलं नाही. तिथे सगळ्या लसी पूर्ण झालेली मुलं ६ टक्के निघाली. काही गावांत दर महिन्याला हमखास शिबिर ठेवलं. तिथे १८ टक्के. आणि काही गावांत शिबिराबरोबर दर लसीमागे एक किलो डाळ आणि सगळ्या लसी झाल्यावर थाळ्यांचा संच दिला. तिथे ३९ टक्के. उलट मुलं जास्त आल्याने दर मुलामागचा खर्च डाळ धरूनही कमीच पडला, कारण नर्सबाई तशाही दिवसभर तिथे बसलेल्याच असत.

ही डाळ विद्वानांमध्ये फार शिजली. एक किलो डाळीसाठी माणूस आपल्या मुलाच्या आयुष्याचा निर्णय बदलतो म्हणजे काय? अभ्यासकांचं म्हणणं, की लस नको असं कुणाचंच नसतं. 'आज नको, पुढच्या खेपेला नेऊ' असं असतं, आणि डाळ त्या 'पुढच्या खेपे'ला आजवर ओढते. आत्याला हे पटलं नाही.

"डाळीसाठी कोण चालत जाईल एवढं? घरात सासू विचारणार, कामं टाकून कुठे निघालीस? लस टोचायला म्हटलं तर भांडण. डाळ आणायला म्हटलं की पिशवी काढून देईल."

हे खरं की खोटं ते मला सांगता येणार नाही. पण डाळीच्या अर्थशास्त्रात सासू घालणारी ती पहिलीच संशोधक असावी.

जिमबद्दल फार लिहीत नाही, कारण वाचकांपैकी अनेकांची वर्गणी अजून चालू असेल. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके मालमेंडिएर यांनी २००६ साली दाखवलं, की महिन्याला सत्तर डॉलरहून जास्त भरणारे अमेरिकन महिन्यातून सरासरी ४.३ वेळा व्यायामशाळेत जातात. एका खेपेला सतरा डॉलरहून जास्त पडले. दहा खेपांचं कार्ड घेतलं असतं तर दहाच पडले असते. आत्याचं निदान: ते पैसे व्यायामाचे नव्हेतच. "मी जिम लावलीय" असं म्हणता येण्याचे ते पैसे.

लग्नाच्या जाहिरातींकडे वळलो तेव्हा मात्र हसणं जरा आटोपतं घ्यावं लागलं. अभिजित आणि एस्थर यांनीच आणखी दोघांबरोबर बंगाली दैनिकातल्या विवाहविषयक जाहिराती तपासल्या. तो निबंध २०१३ सालचा. कोणाची किती पत्रं आली, त्यातली कोणती उत्तरासाठी निवडली, यावरून त्यांनी जातीची किंमत काढली. आपल्याच जातीचा नवरा मिळावा म्हणून मुलीकडची माणसं काय सोडायला तयार होती? एकीकडे अजिबात न शिकलेला मुलगा आणि दुसरीकडे एम. ए. झालेला, एवढं अंतर. बंगालमधलं आहे म्हणून आपण सुटलो असं वाटत असेल तर रविवारची पुरवणी उघडावी. 'गृहकृत्यदक्ष', 'सडपातळ', 'स्वतःचा फ्लॅट', 'अनुरूप' या शब्दांच्या आधी सगळ्यात वर काय छापलेलं असतं ते बघावं. तीच माणसं दिवाणखान्यात म्हणतात, "आम्ही जातपात काही मानत नाही." इथे ताट तपासायला आत्याही पुढे झाली नाही. तिने विषय बदलला आणि त्यावरून मला जे कळायचं ते कळलं.

भाच्याने शेवटी १९८५ सालचा एक निबंध काढला. लेखक तिघे, त्यातले लॉरेन्स समर्स पुढे अमेरिकेचे अर्थमंत्री झाले. प्रश्न साधा: म्हाताऱ्या आईबापांकडे मुलं किती वेळा येतात, किती फोन करतात? मागे ठेवून जाता येईल अशी मालमत्ता जास्त असेल तर फोनही जास्त, असं दिसलं. पण दोन किंवा अधिक मुलं असतील तरच. एकुलता एक असेल तर मालमत्तेचा परिणाम नाही. सगळं आपल्याचकडे येणार हे त्याला ठाऊक असतं. आणि पेन्शनचाही परिणाम नाही, कारण पेन्शन माणसाबरोबर संपते. भाचा हे सांगत असताना आत्याने दोनदा "पुन्हा सांग" म्हटलं. तिला दोन मुलगे. थोरला बाणेरला, धाकटा न्यू जर्सीला. फ्लॅट तिच्या नावावर.

काही दिवसांनी आम्ही गेलो तर फोनवर न्यू जर्सी होती. अर्धा तास चालू होती. आत्याच्या गुडघ्याची, रक्तदाबाची, कामवालीच्या रजेचीसुद्धा चौकशी झाली. फोन ठेवल्यावर तिने भाच्याची जुनी वही ओढली. पानावर उभी रेघ मारून दोन रकाने केले होते, एकावर 'थो.', दुसऱ्यावर 'धा.'. धाकट्याच्या रकान्यात तिने आणखी एक काडी ओढली.

"मृत्युपत्र करायचं मनात आहे, एवढंच म्हटलं त्याला," ती म्हणाली.

"आणि थोरल्या मामाला?"

"त्याला कशाला? दोघांनाही सांगितलं तर तू तुलना कशाशी करशील?"

भाचा तिच्याकडे बघतच राहिला. त्याच्या प्रकल्पाच्या मार्गदर्शकांनी त्याला हीच गोष्ट दोन आठवडे समजावली होती. आतोबांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"आणि मला कुणीच फोन कसा करत नाही?"

"तुमची पेन्शन आहे," आत्या म्हणाली.